सदर मांजर आणि भाऊ मायदेव

भर सभेत तो डबा मी उघडला. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात ते नोंदलेलं आहेच : "ब्लॉक क्र. ५ यांनी अल्पोपाहाराचा डबा समजून अन्य डबा उघडला." 'अन्य डबा' हे शब्द आमचे चिटणीस भाऊ मायदेव यांचे. ते त्यांनी त्याच क्षणी, मान वर न करता, आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिले. डबा त्यांचा होता, घर त्यांचं होतं, आणि वास अकरा सभासदांच्या नाकात एकदमच शिरला होता.

साल छप्पन, श्रावणातला पहिला रविवार. अंधेरीच्या 'सत्त्वशील सहकारी गृहरचना मंडळी'ची वार्षिक सभा. मंडळीला सभागृह नाही, म्हणून सभा चिटणीसांच्या तळमजल्यावरच्या बाहेरच्या खोलीत भरते. सभा म्हटली की शेवटी चिवडा. माणसं मागचं इतिवृत्त कायम करायला जमतात असा भाऊंचा समज आहे, तो कोणी मोडत नाही. त्या दिवशी अहवाल वाचून संपला तरी चिवडा येईना. मालनवहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, शेजारच्या ब्लॉकात जास्तीच्या बशा आणायला गेल्या होत्या. मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेलो. न सांगता मदतीला धावणं हा माझा जुना दोष. आत गेलो. फळीवर बिस्किटांचे दोन जुळे डबे, दोन्हींवर तीच गुलाबी गालांची मड्डम. एक डबा पुढे, उघड्यावर. दुसरा पिठाच्या पिंपामागे दडवलेला. चांगला चिवडा नेहमी मागे दडवलेला असतो, हा मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांचा माझा तीस वर्षांचा अभ्यास. मी मागचा डबा घेतला, बाहेर आणला, अध्यक्ष आठल्ये यांच्या मांडीपाशी ठेवला आणि झाकण काढलं.

आत, धुतलेल्या पांढऱ्या फडक्यावर, एका मापाचे सुके बोंबील ओळीनं मांडलेले होते.

सुक्या बोंबलाचा वास ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. ज्यांना ठाऊक नाही ते सगळे आमच्या सोसायटीत राहतात, असा तोवर माझा समज होता.

इथं सतरावा नियम सांगायला हवा. "मंडळीच्या इमारतीत अगर आवारात मत्स्य, मांस, अंडी इत्यादी पदार्थ आणणे, शिजवणे, साठवणे अगर सेवन करणे यांस सक्त मनाई आहे." त्याच्या पाठोपाठ अठरावा : कुत्रे, मांजर वगैरे जनावर पाळण्यास मनाई. दोन्ही नियम लिहिणारा माणूस एकच, भाऊ मायदेव. 'साठवणे' हा शब्द मूळ मसुद्यात नव्हता. 'मी कुठं शिजवतोय, नुसतं ठेवलंय' असं उद्या कोणी म्हणेल, ही पळवाट भाऊंना आधी दिसली आणि त्यांनी ती बुजवली. आठ वर्षांनी त्या बुजवलेल्या पळवाटेत पहिला पाय त्यांचाच अडकला.

भाऊंचं खरं नाव श्यामकांत. फोर्टातल्या एका कचेरीत ते हेडक्लार्क होते, आणि सोसायटीचे पहिल्या दिवसापासून बिनपगारी चिटणीस. सभासदाला नावानं हाक मारणं त्यांना पक्षपाताचं वाटे, म्हणून सगळ्यांना ब्लॉकच्या नंबरानं बोलवत. मी पाच नंबर. बाजारात भाजी घेताना दिसलो तरी "काय पाच नंबर, वांगी का?" माझ्या मुलीच्या लग्नातल्या आहेराच्या पाकिटावरसुद्धा 'ब्लॉक क्र. ५ यांस' असं होतं. जिन्यापाशी त्यांचा नोटीसबोर्ड. जिन्यात ओले कपडे झटकू नयेत, दुपारी दोन ते चार पाटा-वरवंटा वाजवू नये, वगैरे. एकदा मालनवहिनींनी लोणच्याची बरणी उन्हाला म्हणून गॅलरीच्या कठड्यावर ठेवली. भाऊंनी ब्लॉक नंबर एकला नोटीस काढली, स्वतःच जाऊन स्वतःला दिली, आणि 'पोचली' म्हणून सही केली. वहिनींनी उत्तर लेखी दिलं नाही. त्या रात्रीच्या आमटीत मीठ नव्हतं, एवढंच.

आणि या माणसाकडे मांजर होती.

'होती' हा शब्द त्यांना चालला नसता. इमारतीचा पाया खणताना वाळूच्या ढिगात हे पिल्लू सापडलं, पांढरंशुभ्र, एक कान काळा. म्हणजे तसं पाहिलं तर आमच्यातली पहिली रहिवासी तीच. दप्तरात तिची नोंद 'जिन्याखाली वास्तव्य करणारे मांजर' अशी होती. प्रत्यक्षात ती भाऊंच्या टेबलावर, 'आवक पत्रव्यवहार' लिहिलेल्या फायलीवर झोपे. तिला नाव ठेवायला भाऊ तयार नव्हते. नाव ठेवलं की पाळल्यासारखं होतं. तिच्याबद्दल लिहायची वेळ आली की ते 'सदर मांजर' लिहीत. त्यामुळं सगळी इमारत तिला 'सदर' म्हणू लागली. सदरनं दूध सांडलं, सदर आमच्याकडे आलीय का, असं सर्रास चाले. तिला दूधभात मिळे, तो सतराव्या नियमात बसत होता. तिनं उंदीर मारला तर काय, असं मी एकदा गमतीनं विचारलं. दुसऱ्या दिवशी लेखी उत्तर आलं : "सदर मांजर सभासद नसल्यामुळे नियम लागू नाही."

त्या वर्षी ज्येष्ठाच्या अखेरीला तिच्या पोटाखाली गाठी लागल्या. भाऊंनी वेताच्या पेटीत जुनं पांघरूण घातलं, तिला बसवलं आणि परळच्या जनावरांच्या इस्पितळात नेलं. सोबत मी. "साक्षीदार असावा," म्हणाले. डॉक्टर तरुण होता, हात हलका. त्यानं सगळीकडे चाचपून पाहिलं, छातीचा फोटो काढला, आणि कॅन्सर म्हणून सांगितलं. छातीत पोचलाय, कापून उपयोग नाही. दोन महिने, फार तर थोडे जास्त. भाऊंनी विचारलं, आता करायचं काय.

"काय खाते ती?"

"दूधभात."

"दूधभात आता सोडेल ती. मासे द्या. आवडीनं खाईल, अंग चाटील, तोवर तिचं बरं चाललंय असं समजा. ज्या दिवशी मासा पुढे ठेवूनही तोंड फिरवील, चाटणं सोडील, त्या दिवशी इकडे घेऊन या. त्याच्यापुढं तिला ओढायचं नाही."

भाऊंनी घसा साफ केला. माशांखेरीज दुसरा काही पर्याय आहे का, असं विचारलं.

"आहे की. मटण."

भाऊंनी पहिला पर्याय कागदावर लिहून मागितला. परतताना टॅक्सीत तो कागद चारदा वाचला. पेटीतून काळा कान तेवढा वर दिसत होता. माहीमची खाडी ओलांडल्यावर ते म्हणाले, "पाच नंबर, सतराव्या नियमात अपवादाची तरतूद नाही."

मी म्हटलं, तरतूद तुम्हीच ठेवली नाहीत.

"मला ठाऊक आहे," भाऊ म्हणाले, आणि बाकीचा रस्ता खिडकीबाहेर बघत बसले.

आमच्या फाटकाजवळच्या खोलीत गुणाजी राहतो. सोसायटीचा राखणदार, मूळचा मालवणकडचा. गिरणीत छाती धरली म्हणून गिरणी सोडून इकडे आलेला. सुक्या मासळीच्या वासावरून त्याला आठ वर्षांत तीन नोटिसा गेलेल्या, तिन्ही भाऊंच्या सहीच्या. संध्याकाळी भाऊ त्याच्या दारात उभे राहिले तेव्हा गुणाजी विडी विझवून उठला.

"चौथो कागद हाडलात काय, भाऊनु?"

भाऊंच्या हातात कागद होताच, पण डॉक्टरचा. 'मासे' हा शब्द काही तोंडातून निघेना, म्हणून त्यांनी तो कागदच पुढे केला. गुणाजीला वाचता येत नाही. शेवटी भाऊंनी तो कचेरीतल्या आवाजात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, डॉक्टरच्या सहीसकट. गुणाजीनं ऐकलं, पेटीत डोकावला, काळ्या कानामागं एक बोट फिरवलं आणि म्हणाला, मांजराक दुखणा कळता, कागद कळना नाय. मग आतून बसायला पाट आणून दिला. आठ वर्षांत भाऊ त्या खोलीत पहिल्यांदा बसले.

पावसाळ्यात होड्या बंद, ताजी मासळी कुठली. गुणाजीच्या साठ्यात सुके बोंबील होते. ते तो भिजवायचा, खारटपणा काढायचा, उकडून बोटांनी बारीक कुसकरायचा. सदर आठ वर्षांच्या दूधभाताचा सूड घ्यावा तशी त्यावर तुटून पडली. भाऊ बाजूला उभे राहून बघायचे, नाकाला रुमाल लावून. चारेक दिवसांत रुमाल गेला. आषाढात पाऊस असा लागला की तिला फाटकापर्यंत नेणं होईना, तेव्हा गुणाजीनं बोंबील स्वच्छ करून दिले आणि मालनवहिनींनी दुसरा मड्डमचा डबा रिकामा करून दिला. देताना त्या एवढंच म्हणाल्या, "एकतीस वर्षं झाली लग्नाला. माझे दोन घास कमी गेले म्हणून मला कुणी विचारलं नाही. हिचे घास वहीत लिहून ठेवतात."

आणि तो डबा मी उघडला.

आठल्यांनी दोन बोटांनी झाकण परत लावलं आणि बोटं धोतराला पुसली. भाऊंनी वाक्य पुरं केलं, टीपकागदानं टिपलं, आणि उभे राहून वाचल्यासारखं सांगितलं, की चिटणीसांच्या बिऱ्हाडी निषिद्ध पदार्थ साठवलेला आढळला आहे, तो महिनाभर साठवला जात आहे, आणि चिटणीसांना ते कबूल आहे. आठल्ये म्हणाले, मग आत्ताच ठराव करू. गॅलरीतल्या शेगडीवरून त्यांना दोन नोटिसा गेल्या होत्या. ते असा दिवस उजाडायची वाट बघत असावेत.

"आयत्या वेळचा विषय म्हणून घेता येणार नाही," भाऊ म्हणाले. "विशेष सभा बोलवावी लागेल. त्यासाठी चार सभासदांचा अर्ज लागेल. पोटनियम एकतीस."

चिवडा आला तो कोणी धड खाल्ला नाही. सगळे पांगल्यावर मी माफी मागायला थांबलो. भाऊ डबा परत पिंपामागं ठेवत होते. एवढं उघड झाल्यावर ठराव आत्ताच होऊ देऊन मोकळे का झाला नाहीत, असं मी विचारलं.

"पाच नंबर, आज ठराव झाला तर उद्या डबा बाहेर. मग ती काय खाईल?"

त्यानंतरचे चार आठवडे सहकाराच्या कायद्यात काय ताकद आहे ते मी पाहिलं. पहिला अर्ज आला त्यावर तारीख नव्हती, परत. दुसऱ्यावर पद्मजाबाई केतकरांनी नवऱ्याच्या वतीनं सही केली होती. सभासद नवरा, परत. तिसरा अर्ज निर्दोष होता. तो भाऊंनी त्याच दिवशी दाखल करून घेतला आणि नोटीस लावली. नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस सोडून मधले पुरे चौदा दिवस. भाऊ एकही दिवस खोटा लांबवत नव्हते. नियमात जेवढं होतं तेवढंच करत होते, फक्त सगळं करत होते.

मधल्या दिवसांत सोसायटीनं आपलं दुसरं कर्तव्य बजावलं. आजाऱ्याला भेटून येणं. तक्रारीवर सही करणं वेगळं आणि माणुसकी वेगळी. अर्जावर पहिली सही आठल्यांची, आणि भेटायला पहिले आले तेही आठल्येच. मांजरीकडे काय न्यावं हे कोणालाच माहीत नव्हतं, पण आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं, म्हणून प्रत्येकानं मोसंबी आणली. मालनवहिनी महिनाभर भाऊंना सकाळ-संध्याकाळ मोसंबीचा रस देत होत्या. त्या काळी रोगाचं नाव कोणी मोठ्यानं घेत नसे, 'तो आजार' म्हणत. आठल्ये मांजरीपुढंही 'तो आजार' म्हणाले, मला गॅलरीत बोलावून घेतलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "तिला कल्पना दिलीय का?"

मी सांगितलं, अजून नाही.

"देऊ नका," म्हणाले. "धीर सुटतो."

पद्मजाबाई आल्या त्या पदर नाकाशी धरून. सदर ताटलीत तोंड घालून होती. पद्मजाबाईंनी बराच वेळ बघितलं, आणि पदर केव्हा सुटला ते त्यांनाही कळलं नाही. "इतका सुका कशाला देता, पोटात आग पडते. ताजी मांदेली मिळाली तर बघा. काटा बारीक. आणि नुसती उकडा, हळद नको," म्हणाल्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "असं आमच्या शेजारी म्हणायचे. गिरगावात."

आठवड्याभरात बारांपैकी सात ब्लॉकांना गिरगावातले शेजारी आठवले. एकाच्या शेजारी बांगड्याचं तिखलं फार छान होत असे. दुसऱ्याच्या शेजाऱ्यांकडच्या पापलेटाचा काटा यांच्याच घशात अडकला होता, आणि तो काढायला केळं कसं गिळलं हे त्यांनी घसा दाखवून सांगितलं. भाऊ हे सगळं ऐकून घ्यायचे. नोटिसा काढायला केवढं रान मोकळं होतं. एकही काढली नाही. त्यांचं लक्ष ताटलीकडे असायचं. कारण सदर आता सुक्याला कंटाळली होती. दोन घास घ्यायची आणि ताटलीपाशी बसून राहायची.

सगळी आशा नारळी पौर्णिमेवर होती. त्या दिवशी कोळी दर्याला नारळ देतात आणि होड्या पुन्हा सुटतात. आयुष्यात पहिल्यांदाच भाऊंनी पंचांगात मासळीसाठी तिथी बघितली. पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी गुणाजी पहाटे वर्सोव्याला गेला. मढकडच्या एका होडीतले ताजे बांगडे पानात बांधून तो आणत होता, आणि भाऊ फाटकात उभे होते. गुणाजी सवयीनं पुडकं सदऱ्याखाली लपवायला लागला.

"लपवू नकोस," भाऊ म्हणाले. "नियम मी मोडतोय, तू नाही."

बांगडा उकडून, काटे काढून तिच्यापुढं ठेवला. सदरनं वास घेतला, एकदा भाऊंकडे पाहिलं, आणि सगळा खाल्ला. मग उन्हाच्या कवडशात बसून पुढचा पंजा चाटला, त्या पंजानं काळा कान पुसला, गाठींना जपत जपत पोटसुद्धा चाटलं. ताटली भाऊंनी स्वतः विसळली. त्या दिवशी नोटीसबोर्डावर नवा कागद लागला नाही.

विशेष सभेचा रविवार आला. गणसंख्या सात. खोलीत माणसं सहा, कारण बाकीचे गणपतीच्या तयारीत. सातवा मी असतो. मी पहिल्या मजल्याच्या वळणावर, जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होतो. खाली आठल्यांच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. पोटनियमाप्रमाणं अर्धा तास थांबायचं असतं, भाऊ घड्याळ समोर ठेवून थांबले, आणि एकतिसाव्या मिनिटाला सभा पुढच्या रविवारवर गेली. सगळे गेल्यावर ते वही घेऊन जिन्याशी आले.

"पाच नंबर, गैरहजेरीचं कारण काय लिहू?"

"चपला सापडत नव्हत्या."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. चपला पायात होत्या. भाऊंनी क्षणभर विचार केला आणि 'अपरिहार्य कारण' असं लिहून घेतलं. त्यांनी खोटं लिहिलेलं मला तेवढं एकच माहीत आहे.

आठवडा मिळाला, पण तो पुरला नाही. बुधवारी सदरनं अर्धाच बांगडा खाल्ला. गुरुवारी ताटली पुढे ठेवली तर तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. गुणाजीनं बोट माशाच्या पाण्यात बुडवून तिच्या ओठाला लावलं. ते तिनं चाटलं नाही. तिचा पांढरा रंग दोन दिवसांत मळल्यासारखा झाला होता, चाटणंच थांबलं होतं. भाऊ दुपारपर्यंत तिच्याजवळ जमिनीवर बसून होते. मग उठून कचेरीला रजेचा अर्ज लिहिला. तो टाकायला माझ्याकडे दिला, म्हणून मला दिसला. आठ वर्षं जिला 'जिन्याखाली वास्तव्य करणारे' म्हणत आले, तिच्यासाठी कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं : 'घरातील आजार'.

परळला त्यांनी या खेपेला डॉक्टरकडून काही लिहून मागितलं नाही. इंजेक्शन देताना तिचा काळा कान त्यांच्या दोन बोटांत होता. फार वेळ लागला नाही. परत येताना पेटी त्यांनी मांडीवर घेतली. मी धरतो म्हटलं, तर नको म्हणाले.

गुणाजीनं त्याच्या खोलीमागच्या माडाच्या आळ्यात खड्डा खणून ठेवला होता. मालनवहिनी बाहेर आल्या, हातात त्यांच्या जुन्या इरकली लुगड्याचा चौकोनी तुकडा होता, कडेनं नीट शिवलेला. कधी शिवला कोण जाणे. त्यांनी तो गुणाजीच्या हातात दिला आणि लगेच आत गेल्या. त्या दिवशी त्यांच्याकडे चूल पेटली नाही. संध्याकाळी पद्मजाबाईंनी वरून पिठलंभात पाठवला.

रविवारी तहकूब सभेला मात्र अकराच्या अकरा सभासद हजर. आठल्यांनीच सुरुवात केली. म्हणाले, विषय आता राहिलेला नाही, कागद फाडून टाकू, जे झालं ते वाईट झालं. त्यांचा आवाज खरोखरच कापत होता. चार माना हलल्या.

भाऊ उठले. विषय मांजर हा नव्हता, म्हणाले, विषय सतरावा नियम हा होता, आणि तो इतके दिवस मोडला गेला, त्यात मांजर मेल्यानं फरक पडत नाही. मग त्यांनी स्वतःवरचा ठपका वाचला. 'आणणे, साठवणे' हे शब्द आले. 'शिजवणे'ही आलं. 'सेवन करणे' आलं तेव्हा 'सभासदाकडून नव्हे' अशी दुरुस्ती त्यांनी सांगितली. पाठोपाठ राजीनामा. आणि एक ठराव : गुणाजीला दिलेल्या तिन्ही नोटिसा दिलगिरीसह मागे घ्याव्यात. "त्याच्या हातचं माझ्या घरात चाललं," म्हणाले. "त्याच्या खोलीतला वास मला यापुढं लागणार नाही."

नोटिसांचा ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. राजीनाम्याचं अडलं. आठल्यांनी विचारलं, मग चिटणीसाचं काम कोण बघणार. अकरा सत्त्वशील माणसं आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघायला लागली. एकाला दमा आठवला, एकाला मुलीची मॅट्रिक. पाण्याची टाकी कोण धुवून घेणार, फरसबंदीचं पत्र कोण लिहिणार, वरच्या मजल्याला पाट्याची नोटीस कोण देणार. पाच मिनिटांत भाऊंची एकमतानं फेरनिवड झाली. त्यांनी स्वतःचा राजीनामा नामंजूर झाल्याचं स्वतःच लिहून घेतलं.

तेवढ्यात केतकर, पद्मजाबाईंचे यजमान, उभे राहिले. फार दयाळू चेहरा करून त्यांनी सुचवलं, की नियमात आजारी जनावरापुरता अपवाद घालून टाकावा. औषध म्हणून मासळी आणायला मुभा असावी. मी मोजलं नाही, पण सात माना एकदम हलल्या.

"नाही," भाऊ म्हणाले. "अपवाद घातला तर पुढच्या महिन्यात या इमारतीत सात आजारी मांजरं निघतील."

सगळे हसले. केतकर जरा उशिरा हसले. मालनवहिनी चिवडा घेऊन आल्या. डबा त्यांनी स्वतः आणला होता, झाकण आतच काढून ठेवलेलं. मला त्या दिवशी खिडकीशी, स्वयंपाकघरापासून सगळ्यात लांब, जागा दिली होती.

दिवाळी झाली. भाऊ पहिल्यासारखेच झाले, असं सगळे म्हणायचे. नोटीसबोर्ड पुन्हा भरला. फक्त 'आवक पत्रव्यवहार'ची फाईल टेबलावर मोकळी पडलेली असे, तिच्यावर ते दुसरं काही ठेवत नसत. पत्र आलं की फायलीच्या बाजूला ठेवायचे.

कार्तिकात आमच्या कचेरीच्या गुदामात मांजर व्याली. चार पिल्लं. त्यातल्या एकाचा, खोटं सांगत नाही, उजवा कान काळा. मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी भाऊ बोर्डावर कागद लावत होते, 'जिन्यात सायकली ठेवू नयेत', तेव्हा गाठलं. म्हटलं, भाऊ, असं असं आहे. जिन्याखाली ठेवू. मी आणतो. कोणाला सांगायचं नाही, कोणाला कळायचंही नाही. अठरावा नियम ऐकायची तयारी करूनच मी उभा होतो. हवं तर मीच म्हणून दाखवला असता, मला पाठ होता.

भाऊंनी चौथी टाचणी दाबून बसवली. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला.

"आणा," म्हणाले. "पण या खेपेला भर सभेत डबा मी उघडणार."